मदत हवी आहे : आई-बाबांसोबत लेडीबाउअर आणि वरच्या डरवेंट खोऱ्यात एक दिवस

नमस्कार. मी मँचेस्टरला असते. ऑगस्टच्या उत्तरार्धात आई-बाबा पुण्याहून येताहेत. त्यांना पीक डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे इथल्या डोंगराळ राष्ट्रीय उद्यानात, एक पूर्ण दिवस चालायला न्यायचं आहे. या भागात नेहमी फिरणाऱ्यांकडून सल्ला हवा आहे.

आधी जागा हीच का, ते सांगते. बाबांचं गाव उजनीच्या पाण्यात गेलं, पळसदेवच्या बाजूचं, भीमाकाठचं. धरण १९८० मध्ये पुरं झालं, पण घरं त्याआधीच सोडावी लागली होती. उन्हाळ्यात पाणी उतरून पळसदेवचं देऊळ उघडं पडलं की बाबा अजूनही तिकडे जातात आणि आमचा वाडा कुठे होता, ते पाण्याकडे हात करून दाखवतात. तिथल्या लेडीबाउअर धरणाच्या पाण्याखाली डरवेंट आणि अ‍ॅशॉप्टन अशी दोन गावं गेली आहेत, हे मी फोनवर बोलून गेले. तेव्हापासून त्यांचे प्रश्न संपत नाहीत. माणसं कुठे गेली? देवळाचं काय केलं? शेतीचा मोबदला मिळाला का?

मला आतापर्यंत कळलं ते असं. हाउडन आणि डरवेंट ही वरची दोन दगडी धरणं १९१६ पर्यंत पूर्ण झाली. लेडीबाउअर हे खालचं मातीचं धरण १९३५ ते १९४३ मध्ये बांधलं आणि २५ सप्टेंबर १९४५ ला राजे सहावे जॉर्ज यांच्या हस्ते त्याचं उद्‌घाटन झालं. डरवेंटच्या चर्चचा मनोरा तेवढा पाण्यातून वर राहू दिला होता, पण लोक पोहत तिथे जाऊ लागले म्हणून १९४७ च्या डिसेंबरमध्ये तो सुरुंग लावून पाडला. बाबांना हे सांगितलं तर बराच वेळ बोललेच नाहीत.

आता अडचण. आईचे गुडघे दुखतात. सपाट रस्त्यावर ती सहा-सात किलोमीटर आरामात चालते, चढ-उतार मात्र नको. मला स्वतःला हेदरची झुडपं फुललेला मूर, म्हणजे उघडा माळ, बघायचाच आहे, आणि तो ऑगस्टमध्येच जांभळा होतो. बाबांना गावाची जागा बघायची आहे. हे सगळं एका दिवसात, तिघांनी मिळून जमेल का? ट्रेनने बॅमफर्डला उतरून चालत जावं की गाडी भाड्याने घ्यावी? आणि गावाचं असं काही उरलं आहे का, ज्याला बाबांना हात लावता येईल?

प्रतिसाद (शेफील्डहून)

गाडी घ्या. बॅमफर्ड स्टेशनपासून लेडीबाउअरचा बांध साधारण तीन किलोमीटर आहे, त्यामुळे आईंचं निम्मं चालणं तिथेच संपेल. एरवी ती वाट मला फार आवडते. वरच्या दोन धरणांसाठी दगड वाहणारी रेल्वे ज्या मार्गाने जायची, त्याच्याच काही भागावरून थॉर्नहिल ट्रेल जाते.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आहे, आणि ते फार थोड्यांना माहीत असतं. डरवेंट गावात ओझ्याच्या घोड्यांसाठी बांधलेला जुना दगडी पूल होता. पाणी भरण्याआधी त्याचे दगड काढून जपून ठेवले आणि १९५९ मध्ये हाउडन जलाशयाच्या वरच्या टोकाला, स्लिपरी स्टोन्स नावाच्या ठिकाणी तो पुन्हा उभा केला. बाबांना तिथे न्या. त्यावरून चालता येतं.

फेअरहोम्सच्या वाहनतळापासून पुढे जलाशयाच्या पश्चिम काठाने किंग्ज ट्रीपर्यंत रस्ता जातो. तिथून पूल दोन किलोमीटरच्या आत आहे, आणि वाट जवळजवळ सपाट. दोन्ही बाजूंचे डोंगर उघडे, हेदर आणि नेच्याचे. आईंना चढ न चढता मूर दिसेल. मात्र हा रस्ता शनिवार-रविवारी आणि बँक हॉलिडेला (सार्वजनिक सुट्टीला) गाड्यांना बंद असतो. म्हणून कामाचा दिवस निवडा. ऑगस्टचा शेवटचा सोमवार सुट्टीचा असतो, तो टाळा.

माणसांचं म्हणाल, तर बऱ्याच जणांना बांधाच्या खालीच यॉर्कशर ब्रिजला नवी घरं बांधून दिली. चर्चच्या आवारातल्या कबरी उकरून मृतांना बॅमफर्डच्या चर्चच्या आवारात पुन्हा पुरलं. परतताना दोन्ही ठिकाणं वाटेवरच लागतात.

प्रतिसाद

वरच्या सल्ल्याला एक जोड. डरवेंट गावाची जागा फेअरहोम्सच्या दक्षिणेला, पूर्व काठावर, मिल ब्रुक ओढा जलाशयाला मिळतो त्या भागात आहे. काठाचा रस्ता सपाट आहे, तेव्हा आईसुद्धा येऊ शकतील. पाणी भरलेलं असेल तर काही दिसणार नाही, हे बाबांना आधीच सांगून ठेवा. २०१८ च्या कोरड्या वर्षात भिंतींचे अवशेष वर आले होते आणि बघायला झुंबड उडाली होती. तसं झालंच तर गाळात उतरू देऊ नका. वरून वाळलेला दिसतो, पण पाय रुततो.

तुम्हाला खरा मूर हवा असेल तर त्याच ओढ्याच्या बाजूने डरवेंट एज या कड्यावर जाणारी वाट आहे. अडीच-तीनशे मीटरचा चढ, पण वर व्हील स्टोन्स या खडकांपाशी पोचलात की चहूकडे हेदर आणि खाली पाणी. आई-बाबा काठावर डबा खात असताना घाईघाईने उरकण्यातली ही वाट नाही. वर धुकं उतरलं की दिशा कळत नाही, आणि खोऱ्यात मोबाइलची रेंजही धड नसते. या भागाचा, म्हणजे डार्क पीकचा, ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा कागदी नकाशा सोबत ठेवा. हेदरमध्ये गोचिड्या असतात, म्हणून पूर्ण पँट घाला आणि घरी आल्यावर पाय तपासा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. पुलाबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. बाबांना लगेच फोन केला, तर त्यांनी विचारलं की दगडांवर नंबर घालून ठेवले होते का, कारण त्यांच्या वाड्याचे सागवानी खांब नव्या घरासाठी काढले तेव्हा आजोबांनी खडूने नंबर घातले होते. कुणाला माहीत असेल तर नक्की सांगा.

आता ठरवलं ते असं : मधल्या वारी गाडीने जायचं, सकाळी किंग्ज ट्री ते पूल आणि परत, फेअरहोम्सला जेवण, मग मिल ब्रुकपर्यंत सावकाश, आणि शेवटी बॅमफर्डचं चर्च. डरवेंट एज मी नंतर मैत्रिणीबरोबर करेन.

दोन शंका राहिल्या. किंग्ज ट्री ते पूल या वाटेवर आईला मध्ये टेकायला बाक किंवा बसण्याजोगे दगड आहेत का? आणि तिथे शौचालय नसेल, तर फेअरहोम्सलाच उरकून निघावं लागेल का?