मदत हवी आहे: नागपूरच्या रॉबर्टसन मेडिकल स्कूलचं जुनं दप्तर आज कुठे सापडेल?

दारव्हेकरीण

नमस्कार मंडळी. इथे सातबारा, वंशावळ, दाखल-खारीज यांवरचे धागे बरेच वाचले. माझा प्रश्न जरा आडवाटेचा आहे, पण तुमच्यातले काही जण रेकॉर्ड रूमची धूळ खाल्लेले आहेत म्हणून इथेच विचारते.

माझे आबाजी, म्हणजे वडिलांचे वडील, एल. एम. पी. डॉक्टर होते, म्हणजे पदवी नव्हे, वैद्यकाची पदविका घेतलेले. नागपूरच्या रॉबर्टसन मेडिकल स्कूलमध्ये शिकले. आधी डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या दवाखान्यात नोकरी केली आणि पुढे दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी घरच्या ओसरीवरच दवाखाना चालवला. मी तीन वर्षांची असताना ते गेले.

यंदा धाब्याचं जुनं घर पाडायला काढलं. माळ्यावर एक टिनाची पेटी निघाली. भंगारवाला दारात उभा होता आणि धाकले काका तिचा भाव करून राहिले होते. मी कुलूप तोडायला लावलं. आत तीन केस-बुका (पेशंटच्या नोंदवह्या), मात्रा मोजायचा काचेचा पेला, छोटा पितळी तराजू, एक लाकडी मुठीचा रबरी शिक्का, औषधाच्या दोन रिकाम्या बाटल्या. एका बाटलीला अजून कागदाची पट्टी चिकटलेली आहे, कडेला कातरीने खाचा पाडलेली. एक खाच म्हणजे एक डोस. ज्याला लेबल वाचता येत नाही त्यालाही कळावं म्हणून. माझी आई म्हणाली की या पट्ट्या कापायचं काम घरातल्या पोरांकडे असायचं, शंभराला एक आणा.

सगळ्यात खाली पदविका होती. चांगला जाड कागद, पण उधईने उजवीकडचा खालचा कोपरा असा खाल्ला आहे की सालातलं १९३ एवढंच उरलं. चौथा आकडा तिच्या पोटात.

आणि आमच्या घरातलं सगळं भांडण त्या चौथ्या आकड्याचंच आहे.

आजी सांगायची ती गोष्ट अशी. १० जुलै १९३० ला बापूजी अण्यांनी पुसदला राखीव जंगलातलं गवत कापून सत्याग्रह सुरू केला. आबाजी तेव्हा शेवटच्या वर्षाला होते. पंधरा दिवसांनी पुस्तकं खोलीवरच्या सोबत्याकडे टाकून ते पुसदला गेले, शाळेने नाव काढलं आणि वर्षानंतर माफीपत्र न देता परत घेतलं. धाकले काका म्हणतात, हे सगळं आजीचं रचलेलं, बुवा नापास झाले होते आणि सासरी सांगायला लाज वाटली म्हणून सत्याग्रह काढला. दोघांचंही म्हणणं शक्य आहे. मला दोन्ही चालतं. सत्याग्रही आजोबा असले तर बरंच वाटेल, पण एकदा नापास होऊन पुन्हा बसून पास झालेले आजोबाही मला कमी वाटणार नाहीत. फक्त खरं काय ते कळायला पाहिजे.

मला जेवढं कळलं ते लिहिते. ही शाळा १९१४ सालची, तेव्हाचे मध्य प्रांताचे चीफ कमिशनर सर बेंजामिन रॉबर्टसन यांच्या नावाची. पोरं शिकायची ती मेयो हॉस्पिटलच्या वॉर्डांत. १९४७ ला नागपूरला सरकारी मेडिकल कॉलेज झालं आणि शाळेचा जमाना संपला. पुढे १९६८ ला खुद्द मेयोलाही स्वतःचं कॉलेज मिळालं, आजचं इंदिरा गांधी. म्हणजे हॉस्पिटल एकीकडे, शाळेचा वारसा दुसरीकडे. सेवाग्रामला कसं, १९४५ ला कस्तुरबा दवाखाना, १९६९ ला त्याच अंगणात कॉलेज, सगळं एका ठिकाणी. इथे तसं नाही.

नागपूरला दोन चकरा झाल्या. एका कार्यालयात सांगितलं, "सत्तेचाळीसच्या आधीचं आमच्याकडे काही नाही, तिकडे विचारा." तिकडे गेले तर म्हणाले, "शाळेचं आमच्याकडे कशाला राहील, तिकडेच असंल." तिसऱ्या टेबलावरच्या भाऊंनी चहा पाजला आणि एका पावसाळ्यात बरंच रेकॉर्ड भिजल्याचं सांगितलं. कोणत्या पावसाळ्यात, तर त्यांच्या नोकरीच्या आधीच्या.

तर प्रवेशाचं रजिस्टर, हजेरी, निकाल, नाव कमी केल्याचा आदेश, असं काही शिल्लक असण्याचा संभव आहे का? असेल तर कोणत्या दारात? शाळेतून सुट्टी मोजकीच मिळते (जिल्हा परिषदेत शिक्षिका आहे), म्हणून आंधळ्या चकरा नको आहेत.

केस-बुकेच्या एका पानाचा फोटो सोबत देते आहे. अक्षर पाहा, मोत्यासारखं.

संत्रानगरी

ताई, मेयोत विचारा. जुनं सगळं मेयोतच.

जुना_बस्ता

मेयोत विचारून त्या आल्या आहेत, धागा तर वाचत जा बे.

दारव्हेकरीण ताई, मी महसूल खात्यात अमरावतीला अभिलेख कक्षात अकरा वर्षं काढली, निवृत्त झालो. तुमची शोधायची दिशा मला उलटी वाटते. तुम्ही शाळेचं रजिस्टर शोधत आहात. बंद पडलेल्या संस्थेचं दप्तर हे घर विकल्यावर उरलेल्या देव्हाऱ्यासारखं असतं, कोणीच आपलं म्हणत नाही. त्यापेक्षा त्या माणसाचा कागद ज्या ज्या चालू कचेरीत गेला असेल तिकडून या.

पहिली कचेरी नोंदणीची. मध्य प्रांतात १९१६ सालीच वैद्यक नोंदणीचा कायदा झाला होता. पदविका हातात आली की डॉक्टर तिथे नाव नोंदवायचा, क्रमांक मिळायचा. १९६५ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने जुने प्रांतिक कायदे रद्द केले आणि सगळा कारभार मुंबईच्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे गेला. आबाजी १९६५ नंतरही व्यवसाय करत असतील तर त्यांचं नाव जुन्या क्रमांकासकट तिकडे गेलेलं असणार. नोंदणीचं साल मिळालं की तुमचा चौथा आकडा जवळजवळ मिळालाच, कारण पास झाल्यावर नोंदणीला कोणी दोन वर्षं थांबत नव्हतं.

दुसरी कचेरी नोकरीची. डिस्ट्रिक्ट कौन्सिल म्हणता, तर ही साखळी लक्षात ठेवा: डिस्ट्रिक्ट कौन्सिल, मग १९४८ च्या कायद्याने आलेली जनपद सभा, मग १ मे १९६२ पासून जिल्हा परिषद. दवाखाना तोच, पाटी बदलत गेली. सेवापुस्तक राहिलं असेल तर यवतमाळ जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात किंवा सामान्य प्रशासनाच्या जुन्या बस्त्यांत. पण तिथे फार आशा धरू नका. 'अ' वर्गाचं दप्तर कायम ठेवतात, 'ब' तीस वर्षं, बाकीचं त्याच्या आत भट्टीत. कोण्या बाबूने सेवापुस्तकावर कोणतं अक्षर टाकलं होतं, त्यावर सगळं.

तिसरी विदर्भ पुराभिलेखागार, नागपूर. हे पुराभिलेख संचालनालयाचं कार्यालय आहे, संशोधकांना अर्ज करून बसता येतं. तिथे प्रांताच्या सचिवालयाच्या फायली पाहायच्या. शाळेतून पोरांना काढल्याचं प्रकरण वर कळवलं असेल तर ते वैद्यकीय खात्याच्या किंवा राजकीय फायलीत असेल. मात्र एक ध्यानात ठेवा. १९५६ ला नागपूरची राजधानी गेली तेव्हा सचिवालयाच्या दप्तराचीही वाटणी झाली. रॉबर्टसनमध्ये जबलपूर-रायपूरकडचीही पोरं यायची, शाळा अख्ख्या प्रांताची होती. त्यामुळे एखादी फाइल भोपाळला गेली असेल तर नवल नाही.

माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, पण नीट टाका. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. सत्याग्रह, आजी, काका काही लिहायचं नाही. "अमुक नावाच्या विद्यार्थ्याच्या १९२६ ते १९३४ या काळातल्या प्रवेश व निकाल नोंदींच्या प्रती, नोंदी नसल्यास त्या हस्तांतरित किंवा नष्ट केल्याच्या यादीची प्रत" एवढंच. शेवटचं वाक्य विसरू नका. "नाही" म्हणणं सोपं आहे, नष्ट केल्याची यादी दाखवणं कठीण. आणि "ते आमच्याकडे नाही, तिकडे आहे" म्हणाले तर कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत अर्ज तिकडे पाठवणं त्यांचं काम, तुम्ही एसटीने फिरायचं नाही.

वर्धेची_सिस्टर

ताई, आधी केस-बुकेचा तो फोटो इथून काढून टाका. आत्ता.

मी मोठा करून वाचला. तिसऱ्या ओळीत बाईचं पूर्ण नाव, नवऱ्याचं नाव, गाव आणि पुढे रोग लिहिलेला आहे. कोणता ते मी इथे लिहीत नाही, पण त्या काळी गावाबाहेर काढायला पुरेसा होता. तुमच्यासाठी ते मोत्यासारखं अक्षर आहे. त्या आडनावाची माणसं त्या गावात आजही असतील, त्यांच्याकडे पोरीबाळींची लग्नं जुळत असतील. दत्तपूरच्या कुष्ठधामाकडे येणारी म्हातारी माणसं मी पाहिली आहेत, स्वतःच्या गावाचं नावसुद्धा सांगत नाहीत.

दुसरं, त्या पदविकेला लॅमिनेशन करू नका आणि सेलोटेप लावू नका. आमच्याकडे एकाने आजोबांची सनद लॅमिनेट केली, चार वर्षांत आतल्या आत पिवळी पडली आणि आता सोडवताही येत नाही. उन्हात वाळवूही नका. मऊ ब्रशने उधईची माती झाडा, सपाट ठेवा, मध्ये कोरा पांढरा कागद. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता, मोबाइलने दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. मागची बाजूही घ्या, लोक विसरतात. शेरे मागेच असतात.

संत्रानगरी

बस्ता काका, चुकलो. भरपाई म्हणून एक सांगतो. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर गृह खात्याचे पाक्षिक अहवाल चढवलेले आहेत, प्रत्येक प्रांताचे. १९३० च्या जुलै-ऑगस्टचे मध्य प्रांताचे पाहा. पोरांनी शाळा सोडल्याचा उल्लेख आला तर एका माणसाचं नाव नसेल, पण निदान त्या शाळेत तेव्हा काही घडलं होतं का ते कळेल. घरबसल्या, फुकट.

आणि एल. एम. पी. ला काकांनी नावं ठेवू नये. १९३३ च्या कायद्याने या पदविकेला अखिल भारतीय मान्यतेबाहेर ठेवलं, १९४६ ला सरकारने नेमलेल्या भोर समितीने ती बंदच करून सगळ्यांना एकच एम. बी. बी. एस. ठेवा म्हटलं, ठीक आहे. पण तोवर खेड्यात बंडी जुंपून रात्री येणारा डॉक्टर हाच होता. माझ्या आजीचं बाळंतपण अशाच एका एल. एम. पी. ने केलं, म्हणून मी इथे धागा न वाचता उत्तरं देऊन राहिलो.

जुना_बस्ता

हे मात्र बरोबर. ताई, नोंदणी क्रमांक घरात कुठे सापडतो का पाहा. बाटलीचं लेबल, चिठ्ठ्यांचं पॅड, दवाखान्याची पाटी. क्रमांकाशिवाय कौन्सिलला अर्ज केला तर नावात अडकतील. त्या काळी एकाच माणसाचं नाव इंग्रजीत तीन तऱ्हेने लिहायचे.

दारव्हेकरीण

सगळ्यांचे आभार. सिस्टर, फोटो काढून टाकला. खरं सांगते, मी ते पान तीनदा वाचलं होतं आणि तिन्ही वेळा मला फक्त आबाजी दिसले होते. ती बाई नाही. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकलं होतं, तिथूनही काढलं. एका चुलतभावाने पुढे पाठवलं होतं, त्याला फोन करून काढायला लावलं. केस-बुका आता कोणाला दाखवणार नाही. पुढे कोणाकडे द्यायच्या ते निवांत ठरवू.

काका, तुम्ही क्रमांक म्हणालात आणि मला तो रबरी शिक्का आठवला. रबर कडक होऊन चिरलं आहे, शाईने उठत नव्हतं, अक्षरं उलटी. मग आईचा हातातला आरसा घेतला आणि उंबऱ्यात उजेडाला बसले. पहिल्या ओळीत नाव. दुसरीत एल. एम. पी., नागपूर. तिसरीत रजिस्टर नंबर, चारही आकडे स्वच्छ! धाकले काका मागून वाकून पाहत होते. म्हणाले, "नंबरानं नापास-पास कळते काय?" मी म्हटलं, साल कळते. मग गप्प झाले आणि जाता जाता म्हणाले की अर्जाचा स्टॅम्प त्यांच्याकडे आहे, विकत आणू नको.

पदविकेच्या मागचा फोटोही घेतला. तिथे पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं आहे. एक ओळ, बहुतेक मोडीत. मला मोडी येत नाही. त्यात कोणा पेशंटचं नाव नसावं, कारण पदविकेवर कोण कशाला लिहील, पण आता मी शहाणी झाले आहे, इथे टाकत नाही. इथे मोडी वाचणारं कोणी आहे का? असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, फोटो पाठवते.