माळवदाची घरं जपायची की पाडायची?

माळवदप्रेमी: लातूर-धाराशिवकडे गावोगाव माळवदं, म्हणजे मातीच्या सपाट छताची घरं, पाडून पत्रे आणि स्लॅब चढतायत. भर मे महिन्यात त्या घरात बसून बघा, पंखा लागत नाही. सिमेंटच्या हव्यासापायी आपण वारसा संपवतोय.

औसेकर: हे वाचून गप्प बसवलं नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६, किल्लारीचा भूकंप. आदल्या दिवशी गणपती विसर्जन करून लोक दमून झोपले होते. माझी आत्या आणि तिची लेकरं त्याच गार माळवदाखाली गेली. ढिगारा उपसताना भिंत बघितलीय मी. आतून-बाहेरून दगडाचे दोन थर, मधे चिपा नि माती, दोन्हींना बांधणारा आरपार दगड एक नाही. वर गळती थांबवायला वर्षानुवर्षं ओतलेली पांढरी माती. याला वारसा म्हणता?

खणातला मिस्त्री: भिंती पडल्या, कबूल. पण किल्लारी भागात कितीतरी घरांत खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला. आरपार दगड घाला, वरची माती उतरवा, खण, म्हणजे खांब-तुळयांमधले गाळे, धड ठेवा. पाडायची काय गरज?

जुनं गाव: घराचं सोडा, गावाचं काय झालं? ५२ गावं नव्या जागी नेली. बोळात दार उघडलं की शेजार होता. आता रुंद रस्ते, सरळ रांगा, शेत लांब, ढोरं बांधायला जागा नाही.

वेशीबाहेरची: तो शेजार तुमचा. आमची वस्ती वेशीबाहेरच होती. आणि नवी घरं कशी वाटली तेही सांगा की! भूमिहीन ते १ हेक्टरवाल्याला २५० चौरस फूट, ७ हेक्टरपर्यंत ४००, त्यावर ७५०. भूकंपात गढी नि झोपडी दोन्ही पडल्या, घर मात्र सातबारा बघून मिळालं.

जुनं गाव: मोठ्या शेतकऱ्याला बैल, धान्य, कडबा ठेवायला जागा नको?

वेशीबाहेरची: आमच्या घरात सात माणसं होती. माणसांना जागा नको?

जुनं गाव: प्रत्येक गोष्टीत जात आणायची सवयच लागलीय.

वेशीबाहेरची: मी हेक्टर सांगितले, जात तुम्ही काढलीत.

माळवदप्रेमी: विषय माळवदाचा आहे. आरपार दगडाचं मान्य करतो, मातीच्या वजनाचंही. पण दुरुस्त करून जपायला विरोध का?

औसेकर: दुरुस्त केलेल्याला विरोध नाही, तेवढं मिस्त्रींचं पटलं. तुमच्या घरावर मातीचा थर किती जाड आहे, आधी टेप लावून सांगा. मग वारशाचं बोलू.