लाट पुढे जाते, मग पान तिथेच का राहते?

प्रश्न: कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या काठावरून पाहिले असता लाटा काठाकडे येताना दिसतात, परंतु पाण्यावरचे पान जवळजवळ जागीच खालीवर होते. मग पुढे सरकते ते नेमके काय?

उत्तर १: ऊर्जा. खोल पाण्यात पृष्ठभागावरचे कण जवळपास वर्तुळाकार मार्गाने फिरून मूळ जागेजवळ परततात, म्हणून ही लाट निव्वळ अनुप्रस्थ (म्हणजे कण लाटेच्या दिशेला फक्त काटकोनात हलतात अशी) मानता येत नाही; विद्यार्थ्यांना हे आवर्जून सांगायला हवे, असे मला वाटते.

प्रश्नकर्ता: उथळ पाण्यात लाटा दाट का होतात?

उत्तर २: तेथे वेग घटतो, वारंवारता (दर सेकंदाला येणाऱ्या लाटांची संख्या) मात्र तीच राहते, वेग म्हणजे वारंवारता गुणिले तरंगलांबी (लागोपाठच्या दोन शिखरांमधले अंतर) असल्याने तरंगलांबी आखूड होते. ध्वनीचे उलट घडते: हवेत सुमारे ३४३ मीटर प्रतिसेकंद वेगाने जाणारा ४४० हर्ट्झचा स्वर पाण्यात शिरला की त्याचा वेग आणि तरंगलांबी दोन्ही चौपटीहून अधिक होतात.