कोंडीत इलेक्ट्रिक गाडीही उभीच राहते

सगळ्यांनी इलेक्ट्रिक गाड्या घेतल्या की पुण्याच्या लक्ष्मी रोडवर गाड्यांना बंदी घालायची गरजच नाही, असं कुणीतरी लिहिलंय. अर्धंच पटलं. दोन वर्षं मी स्वतः इलेक्ट्रिक चालवतोय. सिग्नलला धूर नाही, घरघर नाही, आणि ब्रेक लावताना थोडी वीज बॅटरीत परत जाते, त्यामुळे शहरातल्या रडतखडत ट्रॅफिकमध्ये पेट्रोलपेक्षा ती खूपच परवडते. (सोसायटीत चार्जरची परवानगी मिळवायला पाच महिने गेले, पण ते रडगाणं वेगळं.)

पण जागा ती तेवढीच अडवते. परवा अलका चौकातून मंडईपर्यंत जायला पस्तीस मिनिटं लागली. बॅटरी एक-दोन टक्केच उतरली, डोकं मात्र पूर्ण उतरलं. त्यात बॅटरीमुळे गाडी वजनदार, म्हणजे टायर झिजून उडणारी धूळ आहेच. लंडनने २००३ पासून शहराच्या मध्यभागात गाडी नेण्याचे पैसे घ्यायला सुरुवात केली, ती मुळात गर्दीसाठी, धुरासाठी नव्हे.

आता मंडईला मेट्रो आलीय, पीएमपीच्या (शहर बससेवेच्या) इलेक्ट्रिक बस २०१९ पासून धावताहेत. लक्ष्मी रोडवरचा पादचारी दिन (गाड्या बंद, रस्ता फक्त चालणाऱ्यांसाठी) निदान दर रविवारी करून बघा की. दुकानदार ओरडतील, पण त्या दिवशी दुकानासमोर निवांत उभं राहून साडी बघता येते, हे त्यांच्याही लक्षात येईल.