क्रीटला कधी जावं: गणेशचवथ झाल्यावर की दिवाळीत?

प्रश्न (पर्वरी)
चौघांना दहा दिवस ग्रीसमधल्या क्रीट बेटावर जायचं आहे, त्यात दोघं सत्तरीच्या पुढची. ऑक्टोबरची सुरुवात बरी की दिवाळीची सुट्टी? समुद्रात उतरता येतं का? सामारिया दरी उघडी असते का? एकाकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे, त्याच्या बायकोकडे भारतीय.

उत्तर (काणकोण)
१ ते २० ऑक्टोबर. डोळे झाकून.

जुलै-ऑगस्टमध्ये तिथे मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा झोडपतो, तो तोवर पडलेला असतो. उन्हाळाभर तापलेलं पाणी सावकाश निवतं, त्यामुळे समुद्र अजून २३-२४ अंश. आपल्या दर्याच्या मानाने गारच, तेव्हा वयस्कांनी दुपारी बारा ते तीनमध्ये उतरावं.

पाऊस आपल्या उलट: आपला संपतो तेव्हा त्यांचा सुरू होतो. दिवाळी नोव्हेंबरात आली तर किनाऱ्यावरची गावं मिटलेली सापडतील. मे अखेर आपल्याकडे किनाऱ्यावरचे शॅक उतरवतात ना, तसंच ऑक्टोबर अखेर तिथे खुर्च्या-छत्र्या उचलतात. शेजारच्या सांतोरिनी बेटाच्या जलद बोटीही त्याच सुमारास थांबतात. अथेन्सच्या पिरेयस बंदरातून रात्रीची मोठी फेरीबोट मात्र वर्षभर चालते, साधारण नऊ तास. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, मग साडेपाचलाच अंधार.

नोव्हेंबरातच जायचं असेल तर हानिया किंवा इराक्लिओ शहरात मुक्काम करा. ऑलिव्हची तोडणी चालू असते, झाडांखाली जाळी अंथरलेल्या दिसतात, आणि गावोगाव द्राक्षांच्या चोथ्यापासून राकी गाळतात. आपल्या फेणीच्या भट्टीसारखंच तांब्याचं भांडं. ते दिवसही सुंदर, फक्त पोहण्याचे नव्हेत.

सांगे
सामारिया मे ते ऑक्टोबर उघडी, पण पाऊस आला की त्या दिवशी बंद, कारण कड्यांवरून दगड सुटतात आणि ओहोळ फुगतो. सुरुवात सुमारे १,२३० मीटरवर, तिथून समुद्रापर्यंत १६ किमी, सगळा उतार, पाच ते सात तास. गुडघे कुरकुरत असतील तर त्या दोघांना नेऊ नका, मध्येच बाहेर पडायला वाट नाही.

खाली आगिया रुमेली गावाला रस्ताच नाही, सुटका बोटीनेच. शरदात दक्षिणेचा वारा उठला की ती बोट रद्द होते आणि रात्र तिथेच काढावी लागते. औषधं पाठीवरच्या पिशवीत हवीत.

मडगाव
पोर्तुगीज पासपोर्टवाल्याला व्हिसा नको. त्याच्यासोबत जाणाऱ्या बायकोला व्हिसा लागतो, पण फी नाही. लग्नाचा दाखला जोडा. दोन कागदांवर नावाचं स्पेलिंग वेगळं असलं की तिथेच अडतं, ते आधी सुधारून घ्या. बाकीच्यांना ९० युरो फी आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा. अर्ज सहा महिने आधीपासून घेतात.

गाडी भाड्याने घेणार असाल तर आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना इथूनच काढून न्या. तिथे उजवीकडून चालवायचं. कोरड्या उन्हाळ्यानंतरच्या पहिल्या पावसात डांबरावरची धूळ आणि तेल मिळून रस्ता साबणासारखा होतो, घाटात वेग निम्मा ठेवा.

पर्वरी
म्हणजे दरी शेवटच्या दिवसांत ठेवू?

सांगे
नको, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठेवा. बंद निघाली तर पुढे हात राखून दिवस उरतात, आणि बोट अडकली तरी परतीचं विमान चुकत नाही.