जकात नाक्यापाशी उभ्या राहणाऱ्या बायका : पोलिसांना द्यायच्या निवेदनात नेमकं काय लिहावं?

फळाखडू

नमस्कार. जरा लांबण लागेल, पण वाचा आणि मनापासून सांगा.

आमचं महापालिकेचं गाव आहे. नाव लिहीत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहितेय त्या ओळखू येऊ नयेत. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. सोसायटी एसटी स्टँडपासून चालत दहा मिनिटांवर. मधे जुना जकात नाका लागतो. जकात गेली, एलबीटी आला नि गेला, नाक्याची केबिन मात्र तशीच उभी आहे. वर पत्रा शाबूत, खिडक्या गायब. चौकातला हायमास्ट गेल्या पावसाळ्यापासून बंद. दीड-एक वर्षापासून संध्याकाळी साडेसातनंतर तिथे चार-पाच बायका उभ्या असतात, शनिवारी बाजाराच्या दिवशी जास्त.

गेल्या रविवारी सोसायटीची मीटिंग झाली. सेक्रेटरींनी निवेदन टाईप करूनच आणलं होतं : ‘सदर ठिकाणी अनैतिक व्यवसाय करणाऱ्या महिलांचा कायमचा बंदोबस्त करण्यात यावा.’ सह्या होत होत कागद माझ्यापर्यंत आला आणि मी पेनाला टोपण लावून ठेवलं.

तक्रार मलाही आहे, हे आधी सांगते. माझी मुलगी बारावीला आहे. अभ्यासिका नाक्याच्या पलीकडे. ती साडेनऊला परतते. दोन महिन्यांत तीनदा तिच्या बाजूने बाईक हळू झाली. तिसऱ्या वेळी त्याने ‘किती?’ म्हणून विचारलं. हे तिने मला चार दिवसांनी सांगितलं, तेही ‘बाबांना सांगू नकोस, ते अभ्यासिका बंद करतील’ या अटीवर. सासरे पहाटे दूध आणायला जातात. मुलांची स्कूल व्हॅन यायच्या आत ते काठीने रस्त्यावरची निरोधं गोळा करून कचऱ्यात टाकतात. त्या वयाच्या माणसाला हे करावं लागतं, याचा मला फार राग येतो.

पण कागद हातात घेतल्यावर दिसलं, की माझ्या मुलीशी जे केलं ते बाईकवरच्या माणसाने, आणि त्या निवेदनात तो कुठेच नाही. वर्गात मी पोरांना रोज सांगते, आधी उदाहरण नीट उतरवून घ्या. इथे तेच झालेलं नाही असं मला वाटतं.

मी दहा दिवस मागून घेतलेत. गणपतीच्या आधी पीआय साहेबांनी शांतता समितीची बैठक बोलावली आहे, तिथे सोसायटीतर्फे मीच जाणार आहे. तुम्ही माझ्या जागी असतात तर काय लिहिलं असतं? आणि छापा घालण्यापलीकडे पोलीस अशा ठिकाणी खरोखर काही करू शकतात का?

गल्ली नंबर चार

ताई, रागावू नका, पण सही करा.

आमच्याकडे हे पाच वर्षं चाललं. बहिणीला बघायला आलेली मंडळी संध्याकाळी कोपऱ्यावरूनच परत गेली. घर विकायला काढलं तर एजंट म्हणाला, दिवसा दाखवू, रात्री नको. कायदा आपल्या बाजूने आहे. शाळा, देऊळ, दवाखाना यांच्यापासून २०० मीटरच्या आत हे चालत नाही. तुमच्या शाळेपासून नाका किती लांब आहे ते मोजा आणि निवेदनात घाला.

त्या बायकांवर माझा राग नाही. त्यांचंही पोट आहे. पण बंगल्यांच्या कॉलनीत हे कधी दिसतं का? दर वेळी सोसायचं ते आमच्यासारख्या वस्तीनेच का? सुशिक्षित माणसं सही करताना थांबतात, तेवढ्यात एक पिढी मोठी होते.

निवृत्त फौजदार

फळाखडू ताई, मी एकतीस वर्षं पोलिसात काढली, शिपाई म्हणून लागले आणि पीएसआय म्हणून निवृत्त झाले. हे काम हाताने केलेलं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी गल्ली नंबर चार दादांचा २०० मीटरचा मुद्दा. ते पिटाचं, म्हणजे अनैतिक व्यापार (प्रतिबंध) कायद्याचं कलम ७. ते नुसत्या उभं राहण्याला लागत नाही. शाळा, देवस्थान, हॉस्टेल, दवाखाना यांच्याजवळच्या जागेत प्रत्यक्ष धंदा चालला तर लागतं. आणि त्यात गिऱ्हाईकही तितकाच आरोपी आहे, शब्द तिथे स्पष्ट आहेत. तरी माझ्या नोकरीत त्या कलमाखाली गिऱ्हाईक आत गेलेला मी फार क्वचित पाहिला. रस्त्यावर उभं राहून बोलावण्याला कलम ८ आहे. मुळात धंदा करणं हा या कायद्यात गुन्हा नाही. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये तीन तरुणींना सोडताना हे पुन्हा स्पष्ट केलं. गुन्हा कशाचा? कुंटणखाना चालवणं, दुसऱ्याच्या कमाईवर जगणं, कुणाला यात आणणं, डांबून ठेवणं.

आता आम्ही काय करायचो ते. ‘बंदोबस्त करावा’ असं निवेदन आलं की वरून विचारणा व्हायची. रात्री दहाला व्हॅन काढायची, असतील तेवढ्या बाया उचलायच्या, महाराष्ट्र पोलीस कायद्याचं ११०/११७ लावायचं, सकाळी कोर्टात दंड. दंड भरायला पैसे लागतात, म्हणून त्याच रात्री ती बाई पुन्हा उभी. मग जास्त वेळ उभी, आणि जो गिऱ्हाईक एरवी तिने नाकारला असता त्याच्याबरोबरही जाणार. आमच्या कागदावर कारवाई दिसायची. तक्रारदार खूश दोन दिवस. हे मी अनेक वर्षं केलं आणि बरोबर समजून केलं.

माझं डोकं फिरलं ते एका बीटवर. (पोलीस ठाण्याचं नाव सांगत नाही.) तक्रारी फार होत्या, म्हणून मी आणि एका हवालदाराने तीन आठवडे साधी वही ठेवली. तक्रार आली की लिहायचं : वाजले किती, नेमकी जागा कोणती, त्रास कोणी दिला, कोणाला दिला. ‘बायका उभ्या आहेत’ एवढंच सांगणारा फोन असेल तर वेगळ्या पानावर. वही भरल्यावर दिसलं की शिव्या, मारामारी, येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींना हटकणं हे सगळं देशी दारूचं दुकान बंद होण्याच्या आसपासच्या तासाभरात आणि एकाच बोळाच्या तोंडाशी होत होतं. करणारे बहुतेक तेच ते. बायकांच्या नावावर पाचच नोंदी होत्या, त्यातल्या तीन आपसांतल्या भांडणाच्या.

मग त्या तासाला त्या बोळाशी दोन अंमलदार पायी उभे केले. बाकी चार तासांची गस्त कमी केली तरी चाललं. नगरसेवकाच्या मागे लागून दिवा लावून घेतला. लॉजच्या मॅनेजरला रजिस्टर घेऊन बोलावलं. कोणी साधुसंत झालं नाही, बायकाही तिथेच राहिल्या, पण कॉलेजच्या मुलींच्या तक्रारी थांबल्या. वर अहवालात लिहायला मात्र काही नव्हतं. छाप्याचा आकडा लिहिता येतो, न झालेल्या त्रासाचा कसा लिहिणार?

तुमच्या मुलीच्या बाबतीत : ‘किती?’ म्हणून विचारणं हा सरळ गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेत कलम ७५ आणि ७९ बघा, पाठलाग केला असेल तर ७८. निवेदनात हे वेगळं आणि पहिलं लिहा. दिवस, वेळ, बाईकचा रंग, जे आठवेल ते. मुलीचं नाव घालू नका.

एका गोष्टीत मात्र अजिबात ढिलाई नको. त्यांच्यात कोणी अठराच्या आतली वाटली, किंवा कोणाला जबरदस्तीने उभं केलंय असं दिसलं, तर बैठकीची वाट बघायची नाही. १०९८ किंवा ११२, त्याच रात्री.

पीआय साहेबांना अजून एक विचारा. पिटाच्या कलम १३ मध्ये विशेष पोलीस अधिकाऱ्याच्या जोडीला त्या भागातल्या जास्तीत जास्त पाच समाजसेवकांचं अशासकीय सल्लागार मंडळ नेमायची तरतूद आहे, त्यात शक्यतो बायकाही असाव्यात असं म्हटलंय. १९५६ चा कायदा आहे, पण माझ्या अख्ख्या नोकरीत असं मंडळ मी बसलेलं पाहिलं नाही. भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे साहेबांनी १९८८ पासून मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. त्या दंग्यांसाठी होत्या, पण पद्धत हीच : बीटचा पोलीस आणि मोहल्ल्यातली साधी माणसं, दोन्हीकडची, नेमाने समोरासमोर बसवायची. ९२-९३ ला मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. इथे दोन्हीकडची म्हणजे तुमची सोसायटी आणि नाक्यावरच्या बायका. त्याही त्याच बीटच्या रहिवासी आहेत.

लीड्सकर

मी गेली अकरा वर्षं लीड्समध्ये आहे. इथल्या होलबेक भागात ऑक्टोबर २०१४ पासून एक वेगळाच प्रयोग झाला, तो सांगतो. पोलीस आणि महापालिकेने मिळून ठरवलं की एका ठरावीक औद्योगिक पट्ट्यात रात्रीच्या ठरलेल्या वेळेत बायका उभ्या राहिल्या तर पकडायचं नाही. त्यांच्याशी बोलायला खास पोलीस अधिकारी नेमला. मारहाण, बलात्कार झाला तर बायका तक्रार करायला पुढे येऊ लागल्या. ही मोठी गोष्ट होती.

पण रहिवाशांचे हाल झाले, हेही लिहिलं पाहिजे. वेळ पाळली जाईना, पट्ट्याची हद्द पाळली जाईना, शाळेत जाणाऱ्या मुलींपाशी गाड्या थांबू लागल्या. लोकांनी आंदोलन केलं. करोनात सगळं स्थगित झालं आणि २०२१ च्या जूनमध्ये कायमचं गुंडाळलं. त्या सभांमधला माणसांचा संताप ऐकून मला गल्ली नंबर चार यांचं म्हणणं अगदी पटतं.

उलट इप्स्विचमध्ये २००६ साली पाच बायकांचे खून झाल्यावर पोलिसांनी कारवाईचा सगळा रोख गाडीतून येणाऱ्या गिऱ्हाइकांवर वळवला आणि प्रत्येक बाईला घर, व्यसनमुक्ती, पैशाची मदत यासाठी एकेक कार्यकर्ता जोडून दिला. तिथला रस्त्यावरचा धंदा जवळजवळ संपला. मात्र तिथे मुळाशी हेरॉइन होतं. आपल्याकडे मुळाशी काय आहे ते आधी कळायला हवं, नाहीतर उत्तर उसनं ठरेल.

टीआयवाली

मुळाशी काय ते मी सांगते. कर्ज, टाकून दिलेलं लग्न, पोराची फी. मी एड्स नियंत्रणाच्या टीआय प्रकल्पात (जास्त जोखीम असलेल्यांपर्यंत थेट पोचायचा प्रकल्प) फील्डवर काम करते. माझ्या हॉटस्पॉटवरच्या, म्हणजे धंद्याच्या ठिकाणांवरच्या बायांपैकी कितीतरी जणींच्या घरी सांगितलंय की हॉस्पिटलात रात्रपाळी आहे.

ताई, निरोधं रस्त्यावर पडतात म्हणून चिडू नका असं नाही म्हणत, चिडाच. पण पिशवीत निरोध सापडला म्हणून पोलीस धरतात, या भीतीने बाया ती जवळ ठेवत नाहीत, वापरून झालं की तिथेच टाकतात. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये सांगितलंय की निरोध हा गुन्ह्याचा पुरावा धरायचा नाही आणि पोलिसांनी त्यांच्याशी माणुसकीने वागायचं. हे ठाण्यात कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवायला हवं. एक झाकणाचा डबा ठेवा, रिकामा करायची जबाबदारी बायाच घेतील. सांगलीत वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या बायांनी नव्वदच्या दशकात वस्तीवस्तीत निरोध वाटायचं काम स्वतः अंगावर घेतलं, एक डबा काय घेऊन बसलात.

आणि जागेवरून हाकलायचं म्हणाल तर त्या जाणार कुठे? नागपूरला गंगाजमुना ही धंद्याची वस्ती ऑगस्ट २०२१ मध्ये सील केली, तेव्हा बाया रस्त्यावर उतरल्या होत्या. मला त्या एकदा सापडेनाशा झाल्या की तपासणी थांबते, औषधं थांबतात.

तुमच्या गावातल्या प्रकल्पाचा पत्ता आयसीटीसीत (एचआयव्ही तपासणी-समुपदेशन केंद्रात) मिळेल, सिव्हिलमध्ये विचारा. एकटीने जाऊन बोलू नका, त्यांच्या कार्यकर्तीबरोबर जा.

गल्ली नंबर चार

फौजदार मॅडम, वहीचं पटलं. गिऱ्हाइकालाही कलम ७ लागतं हे मला माहीत नव्हतं. आमच्याकडे पाच वर्षांत एकाही बाईकवाल्याला हात लागला नाही.

फळाखडू

काल जाऊन आले. कार्यकर्ती बरोबर होती. पाचातल्या दोघी बोलल्या, एक पाठ फिरवून उभी राहिली, तिने शेवटपर्यंत तोंड दाखवलं नाही.

मी आधी अभ्यासिकेचं सांगितलं. त्यातली मोठी, माझ्याच वयाची असेल, म्हणाली, “मग आम्ही काय करू? तुमच्या पोरीला आम्ही बोलावतो का?” मी म्हटलं नाही. मग गप्प उभ्या राहिलो थोडा वेळ. पाऊस सुरू झाला तेव्हा तिनेच केबिनमध्ये ये म्हणून सांगितलं.

त्या दीड वर्षापूर्वी स्टँडमागच्या लॉजच्या बोळात होत्या. तिथे छापा पडला, लॉजला कुलूप लागलं, त्या इकडे आल्या. म्हणजे त्या बोळातल्या लोकांनी जे निवेदन दिलं, त्याचंच फळ आमच्या दारात आलं. नाकाच का निवडला, तर वर पत्रा आहे आणि समोर रिक्षा स्टँड आहे, ओरडलं तर कोणीतरी येतं. स्टँडवरचं पैसे देऊन वापरायचं शौचालय दहाला बंद होतं, त्यानंतर त्या काय करतात ते मी विचारलं नाही.

दिवा लावला तर चालेल का, विचारलं. म्हणाली, रस्त्यावर लावा, आमच्या तोंडावर नको.

आणि ज्यासाठी हे लिहायला बसले ते : बाईकवाला त्यांना माहीत आहे. काळी बाईक, पुढचा मडगार्ड तुटलेला. तो त्यांना पैसे न देता जातो, एकीचा हात त्याने मुरगळला होता. नंबरचे शेवटचे तीन आकडे तिला पाठ आहेत. पोलिसांना का सांगितलं नाही म्हटलं, तर म्हणाली, मागे एकदा सांगायला गेले तेव्हा व्हॅनमध्ये मीच बसले.

मुलीने सांगितलेली बाईकही काळीच, आणि पुढचा मडगार्ड तुटलेला.

निवेदनाचा पहिला परिच्छेद आता त्याच्यावर आहे, वेळ आणि आकड्यांसह. दुसरा हायमास्टवर, तिसरा डबा आणि शौचालयाच्या वेळेवर. ‘बंदोबस्त’ शब्द काढलाय. सेक्रेटरींना तो हवाच आहे, त्यावरून उद्या भांडण होणार. चार सह्या झाल्यात, त्यातली पहिली सासऱ्यांची.

फौजदार मॅडम, ती मोठी बाई ठाण्यात यायला तयार नाही. ‘बाई पोलीस असेल आणि फोनवर असेल तर बोलेन’ म्हणाली. शुक्रवारी संध्याकाळी सातच्या आत मी तिच्यापाशी असेन. तुम्ही बोलाल का तिच्याशी?