आरागिरणीवरील माहितीपटात झाडाचा हिशेब कसा दाखवावा?

प्रश्न : सिंधुदुर्गवासी

आमच्या गावातील एका कुटुंबाची आरागिरणी आता तिसऱ्या पिढीकडे आली असून तिच्यावर आम्ही 25 मिनिटांचा माहितीपट केला आहे. देवळाच्या सभामंडपात तो दाखवला तेव्हा आपल्या घराचे वासे आणि रिपा जिथे चिरल्या गेल्या ती जागा पडद्यावर पाहून म्हातारी माणसे रंगून बोलू लागली. शेवटी मात्र एका महाविद्यालयीन मुलीने विचारले की, एवढे ओंडके चिरताना दाखवलेत, पण ती झाडे कोठली आणि ती तोडण्याची परवानगी कोणी दिली? आमच्याजवळ उत्तर नव्हते. मालक आमचे शेजारी आहेत. त्यांच्यावर संशय घेतल्यासारखे न वाटता हा भाग कसा जोडता येईल?

उत्तर : जुना वखारवाला

ओंडक्याचा प्रवास कागदांसह दाखवावा, म्हणजे संशयाचा प्रश्नच राहत नाही. आंबा, फणस, साग, आईन, किंजळ ही झाडे 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत असल्यामुळे ती स्वतःच्या परड्यात असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. ती परवानगी, वाहतुकीचा पास आणि गिरणीतील आवक-जावक नोंदवही या क्रमाने एकाच ओंडक्याचा माग काढला, तर त्या मुलीला उत्तर मिळेल.

शक्य असल्यास मोजमापही दाखवावे, कारण गिरणीचे खरे अर्थकारण तिथे आहे. घेराचा चौथा भाग घेऊन त्याचा वर्ग करायचा आणि त्याला लांबीने गुणायचे, ही जुनी रीत. 4 फूट घेराचा आणि 10 फूट लांबीचा ओंडका या हिशेबाने 10 घनफूट भरतो. तो पूर्ण गोल धरला तर प्रत्यक्षात सुमारे 12.7 घनफूट लाकूड असते. साल, बाजूच्या वाकड्या फळ्या आणि भुसा यांत जाणाऱ्या लाकडाची ही सूट आहे, असे वखारवाले सांगतात (माझे वडीलही सांगत), पण झाड विकणाऱ्या शेतकऱ्याला ती सूट कोणी क्वचितच समजावून सांगतो.

उत्तर : कायद्याचा विद्यार्थी

कायद्याचा इतिहास दोन वाक्यांत आटोपावा, अन्यथा माहितीपटाचे परिपत्रक होईल. गोदावर्मन खटल्यात (जंगलतोडीविरुद्धची याचिका) सर्वोच्च न्यायालयाने 12 डिसेंबर 1996 रोजी दिलेल्या आदेशाने केंद्राच्या पूर्वमंजुरीविना वनक्षेत्रात आरागिरणी चालवण्यास मनाई झाली, आणि पुढे नव्या परवान्यांवरही कडक बंधने आली. जुना परवाना घरात असणे ही त्यामुळे मोठी मत्ता ठरली. तिसरी पिढी या धंद्यात का टिकली, हे सांगताना वडिलोपार्जित जिव्हाळ्याच्या बरोबरीने या परवान्याचाही उल्लेख व्हायला हवा, असे मला वाटते.

उत्तर : ध्वनिमुद्रक

विषय थोडा वेगळा आहे, पण गिरणीच्या आवाजावर पार्श्वसंगीत घातले असेल तर ते कृपया काढून टाकावे. खोडात वर्षांपूर्वी ठोकलेला आणि झाडाने गिळलेला खिळा पात्याला लागतो तेव्हा आवाज एकदम बदलतो आणि मिस्त्री लगेच यंत्राकडे धावतो. असा एखादा क्षण आपल्याकडे मुद्रित झाला असेल, तर झाड पूर्वी कोणाच्या तरी अंगणात उभे होते हे निवेदनाशिवायही कळेल.

सिंधुदुर्गवासी

सर्वांचे आभार. तसा खिळ्याचा प्रसंग आमच्या न वापरलेल्या चित्रणात सापडला. त्या फणसाच्या ओंडक्यात कपडे वाळत घालण्याच्या तारेचा तुकडाही निघाला होता. मालकांशी काल बोललो. परवाना आणि नोंदवही दाखवण्यास ते आनंदाने तयार झाले, घेराच्या हिशेबाचे नाव काढताच मात्र हसले आणि चहा मागवला. ते मोजमाप आता आम्ही फणस विकणाऱ्या शेतकऱ्याच्या अंगणात, त्याच्याच हातात टेप देऊन चित्रित करणार आहोत.